जिथे हाताला मज्जाव आहे

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘यंत्र आणि माणूस’ हा विषय मुक्रर केला आणि त्यावर प्रत्यक्ष पाहणी करून लिहावे असे कळविले, तेव्हा यंत्रांनी ज्यांची उपजीविका हिरावली त्यांच्याकडे जाण्याचा रूढ मार्ग मी बाजूला ठेवला. कारण यंत्राने माणसाची जागा मजुरी वाचविण्याच्या हेतूने न घेता, औषधाला माणसापासून आणि माणसाला औषधापासून वाचविण्याच्या हेतूने घेतली, असा एक व्यवसाय मला ठाऊक होता आणि त्याचे अंतरंग पाहण्याची फार दिवसांची इच्छा होती. कर्करोगावरील निर्जंतुक इंजेक्शनांची निर्मिती आणि त्यांचे वेष्टन हा तो व्यवसाय.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या वसाहतींची ख्याती बाहेरगावी पसरली ती मुख्यत्वे वाहनउद्योगामुळे, आणि त्यात १९८५ साली वाळूजला सुरू झालेल्या बजाजच्या कारखान्याचा वाटा मोठा. परंतु वोक्हार्ट, ल्युपिन, अजंता फार्मा अशा कंपन्यांनीही येथे मोठा पसारा मांडला, आणि शिरेतून थेट रक्तात जाणारे औषध जंतुविरहित कसे राखावे ही अवघड विद्या मराठवाड्यातील दोन पिढ्यांनी या कारखान्यांत हस्तगत केली. ती घेऊन इथली मुले पुढे हिंजवडीला, गोव्यातील वेर्ण्याला, अहमदाबादेला कर्करोगाच्या औषधांच्या खास विभागांत गेली. मूळचे कन्नड तालुक्यातले आणि वेर्ण्याला बराच काळ काढून परतलेले असेच एक अभियंते, नाव न छापण्याच्या अटीवर, माझे मार्गदर्शक झाले. आणि त्यांच्या ओळखीने वाळूजच्या एका इंजेक्शनांच्या कारखान्याची दारे, निदान काचेच्या भिंतीपर्यंत, माझ्यासाठी उघडली.

दोन उलट मागण्या

कर्करोगावरील जुन्या औषधांचा स्वभाव समजल्याखेरीज या कारखान्यांची रचना समजत नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांना भाजून काढणाऱ्या मस्टर्ड वायूचा एक सगोत्र, नायट्रोजन मस्टर्ड, १९४२ साली अमेरिकेत रुग्णाच्या शिरेत टोचला गेला आणि गाठी विरघळू लागल्या, तेथून या चिकित्सेचा आरंभ मानतात. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून मेथोट्रेक्सेट आले. आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीच्या पानांतून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन निघाले. या सर्वांचे सामर्थ्य एकच, की वेगाने विभागणाऱ्या पेशीला ती मारतात. आणि त्यांचा दोषही तोच, की केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत विभागणाऱ्या निरोगी पेशीचा मुलाहिजा ती राखत नाहीत. अशा औषधाची भुकटी किंवा तुषार जो कामगार वर्षानुवर्षे श्वासावाटे आत घेईल, त्याच्या शरीरात काय घडेल हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या बाजूला रुग्ण आहे. औषधाने त्याची अस्थिमज्जा क्षीण झालेली, रक्तातील श्वेतपेशी उतरलेल्या. धडधाकट माणूस ज्या जंतूला सहज परतवून लावील तोच त्याच्या जिवावर उठतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथोट्रेक्सेटच्या एका भारतीय बनावटीच्या बॅचसंबंधी इशारा प्रसृत केला. येमेन आणि लेबनॉनमध्ये ती मुलांना टोचली गेली होती आणि तीत स्युडोमोनस हा जंतू सापडला होता. अधिकृत पुरवठ्याच्या वाटेबाहेरून ते औषध तेथे पोहोचले होते, म्हणून दोष नेमका कोठे शिरला याचा निवाडा कठीण. परंतु जी मुले रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होती त्यांना औषधाच्या कुपीतूनच मरण यावे, याहून दारुण दुसरे काय असेल?

म्हणजे औषधाला माणसापासून धोका आणि माणसाला औषधापासून धोका. या दोहोंवरील उपाय मात्र परस्परांच्या विरुद्ध दिशेला जातात, आणि या व्यवसायातील सारी बुद्धी तेथेच खर्ची पडते. जंतू बाहेर ठेवायचे तर खोलीतील हवेचा दाब भोवतालपेक्षा अधिक हवा, म्हणजे दार उघडताच हवा बाहेर धावेल. विष आत कोंडायचे तर दाब कमी हवा, म्हणजे हवा आत ओढली जाईल. “दोन्ही एकाच दाराला कसं जमवायचं, हाच आमचा धंदा बघा,” असे म्हणून अभियंत्यांनी माझ्या वहीत एकात एक चौकोन काढून दाखविले. सर्वांत आतील बंद कक्षात, जेथे कुपी भरली जाते, दाब अधिक. त्याभोवतीच्या दालनात दाब कमी, म्हणजे आतून काही निसटलेच तर ते तेथेच अडकावे. आणि दालनातून बाहेर येण्याच्या वाटेवरील चिंचोळ्या खोलीत पुन्हा दाब अधिक, म्हणजे बाहेरच्या जगाची आणि आतल्या विषाची गाठच पडू नये. या विभागाची हवा इमारतीतील दुसऱ्या कोणत्याही विभागाकडे जात नाही. आणि तिचे गाळणे बदलताना ते उघड्यावर न काढता पिशवीतल्या पिशवीतच काढून बांधतात.

जायकवाडीचे पाणी

कारखान्यात मला प्रथम नेले ते पाण्याच्या विभागात, आणि नेणाऱ्याचा तो विवेक मला पटला. कारण इंजेक्शनात औषधापेक्षा पाणी कितीतरी अधिक असते. हे पाणी जायकवाडीचे. गोदावरीवरील त्याच नाथसागरातून शहरही पाणी पिते, आणि शहराच्या अनेक वस्त्यांत ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते, ही गोष्ट त्या लखलखीत नळांच्या जाळ्यासमोर उभे असताना माझ्या मनातून जाईना. येथे तेच पाणी वाळूतून, क्षारशोषकातून, सूक्ष्म पडद्यांतून दाबाने पार होऊन अखेरीस वाफ होते आणि पुन्हा पाणी होते. जिवंत जंतू मारणे सोपे. परंतु मेलेल्या जंतूच्या भित्तिकेचे अवशेषही रक्तात गेले तर रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढतो, म्हणून दर मिलिलिटरमागे ०.२५ एककाहून अधिक अवशेष पाण्यात चालत नाहीत. आणि हे पाणी कधी उभे राहत नाही. सुमारे ८० अंश तापमानाला, पोलादी नळांतून, रात्रंदिवस ते फिरत असते. सुटी असो, दिवाळी असो, त्याचा पंप बंद होत नाही, कारण थांबलेल्या पाण्यात जंतू वसाहत करतात.

काचेपलीकडे

भरणी-विभागाच्या काचेबाहेर मी उभा होतो तेव्हा आत दोन माणसे होती. डोळ्यांसकट सारे अंग शुभ्र आवरणाखाली, आणि हालचाल इतकी मंद, की पाण्याखाली वावरत आहेत असे वाटावे. पाळी संपवून बाहेर आलेल्या त्यांतील एकाने, गंगापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, त्यामागचे नियम मला सांगितले. “सर, आत घाई करायची नाही. हात कमरेखाली न्यायचा नाही, उगाच बोलायचं नाही. नाक खाजवलं तरी खाजवू द्यायचं. सुरुवातीला घरी जेवतानासुद्धा माझे हात छातीपाशीच यायचे.” बाहेर पडताना त्याच्या हातमोज्यांवर आणि पोशाखावर पोषकद्रव्याची तबकडी टेकवून घेतात, आणि काही दिवसांनी त्या तबकडीवर जंतूंची एक वसाहत जरी उगवली, तरी चौकशी बसते.

आत छतापासून जमिनीकडे गाळलेली हवा एका पडद्यासारखी संथ उतरते. तिचा वेग सेकंदाला ०.३६ ते ०.५४ मीटर एवढा राखतात, कारण त्याहून मंद झाली तर ती कण वाहून नेत नाही आणि त्याहून वेगवान झाली तर भोवरे करते. कुपी जेथे उघडी असते तेथे घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे वा त्याहून मोठे कण ३,५२० हून अधिक चालत नाहीत. उलट नुसता उभा असलेला माणूस त्वचेतून, श्वासातून, कपड्यांतून मिनिटाला लक्षावधी कण सोडत असतो. “इथं यंत्र घाण करत नाही, माणूस करतो,” हे वाक्य मी त्या इमारतीत निरनिराळ्या तोंडून ऐकले, आणि कोणाच्याही स्वरात त्यात माणसाचा अधिक्षेप नव्हता.

या कारखान्यात भरणीच्या यंत्राभोवती काचेची दारे आणि त्यांत बसविलेले हातमोजे आहेत. कर्करोगाच्या औषधांना एवढे पुरत नाही. त्यांच्या कारखान्यात आयसोलेटर लागतो. पोलाद आणि काच यांचा हा पूर्ण बंद कक्ष असतो, आणि प्रत्येक बॅचपूर्वी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडून तो निर्जंतुक करतात. वाफ कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचली की नाही याची खातरजमा करण्यासाठी अत्यंत चिवट बीजाणूंच्या पट्ट्या पडताळणीच्या वेळी आत ठेवतात, आणि अशा दहा लाख बीजाणूंचा नाश करण्याची क्षमता सिद्ध झाल्यावरच कक्ष कामाला लावतात. बुचे आणि कच्चा माल आत जातो तो दुहेरी झडपांच्या द्वारातून, जेथे दोन झाकणे एकमेकांत बसूनच उघडतात आणि त्यांची बाहेरची बाजू आत कधीच उघडी पडत नाही.

एवढ्या बंदोबस्तात दुबळी जागा कोणती, असे विचारले तेव्हा अभियंत्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “ग्लोव्ह.” कक्षाच्या भिंतीतील रबरी हातमोज्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी सारी मेहनत व्यर्थ, म्हणून भरणीच्या आधी आणि नंतर मोज्यांत दाब भरून तो गळतो का, हे पाहतात. कॅनडातील व्हॅनआरएक्स या कंपनीने तर हातमोजेच नसलेला कक्ष बनविला, ज्यात यंत्रमानवाचा बाहू कुपी उचलतो, भरतो, बंद करतो आणि माणसाचा हात आत शिरण्यास वाटच राहत नाही. युरोपीय संघाने २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू केलेले निर्जंतुक औषधांचे नियम याच दिशेने ओढ देतात, आणि भारताच्या औषधनिर्मिती-नियमांतील सुधारित अनुसूची ‘एम’ने, जिची अधिसूचना डिसेंबर २०२३ च्या अखेरीस निघाली, विषारी औषधांसाठी स्वतंत्र व्यवस्थेचा आग्रह धरला आहे.

कुपीचा प्रवास

रिकामी कुपी ध्वनिलहरींनी आणि उष्ण पाण्याने धुतली जाते, मग सुमारे ३०० अंशांच्या भट्टीतून सरकते, जेथे जंतूंचे अवशेषही जळून जातात. पलीकडे ती निघते ती थेट भरणीच्या कक्षात. औषध शेवटच्या क्षणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळण्यातून येते, आणि काम झाल्यावर तेच गाळणे अखंड होते याची परीक्षा घेतल्याखेरीज बॅचला पुढे वाट नाही. सिस्प्लॅटिनसारखी औषधे द्रवरूपातच राहतात. परंतु बोर्टेझोमिब, अझासिटिडीन यांसारखी पाण्यात टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या कुपीवर बूच अर्धवट ठेवून ती शीत-निर्वात कपाटात जाते. या कपाटाला कामगार नुसते ‘लायो’ म्हणतात. उणे ४० अंशांच्या आसपास औषध गोठते, मग निर्वातात बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो, आणि दोन-तीन दिवसांनी तळाशी उरते ती पांढरी, हलकी, सच्छिद्र वडी. पूर्वी या कपाटात हजारो अर्ध्या उघड्या कुप्या माणसे लोटीत. आता ते काम स्वयंचलित फळ्या करतात, आणि माझ्या मते निर्जंतुकतेच्या दृष्टीने या साऱ्या प्रवासातील सर्वांत मोलाचा बदल तोच.

बूच पक्के दाबून ॲल्युमिनियमचे टोपण बसले तरी कर्करोगाच्या कुपीचे संस्कार पुरे होत नाहीत. भरताना उडालेला सूक्ष्म थेंब काचेच्या बाहेरच्या अंगाला लागला असेल, आणि रुग्णालयातील परिचारिकेची बोटे नेमकी तेथेच टेकतील. म्हणून बंद कुपी पुन्हा बाहेरून धुतात, सुकवितात, आणि पुष्कळदा तिच्यावर प्लॅस्टिकचे संरक्षक कवच चढवितात. या धुण्याचे पाणीही गटारात जात नाही. रसायनाने त्यातील विष निष्प्रभ करावे लागते.

या साऱ्या यंत्रणेची सत्त्वपरीक्षा वर्षातून निदान दोनदा होते. त्या दिवशी औषधाऐवजी जंतूंना आवडणारे पोषक द्रव्य हजारो कुप्यांत भरतात, मुद्दाम अडचणी उभ्या करतात, यंत्र थांबवतात, पडलेली कुपी उचलायला लावतात, आणि मग चौदा दिवस त्या कुप्या उबेत ठेवून पाहतात. अपेक्षित उत्तर शून्य. एकही कुपी गढूळ झाली तर मूळ कारण सापडेपर्यंत चैन नाही. “मीडिया फिल लागला, की पंधरा दिवस कुणाला झोप नसते,” असे गंगापूरचा तो मुलगा म्हणाला.

डोळा आणि दप्तर

भरलेली प्रत्येक कुपी पाहिली जाते. एका दालनात काळ्या आणि पांढऱ्या पाटीसमोर, प्रखर उजेडात, मुली ओळीने बसल्या होत्या, आणि सुपात ज्वारी निवडणाऱ्या बायकांच्या सराईत नजरेने कुपीतला काचेचा कण, तंतू, तडा हेरत होत्या. एका कुपीला सुमारे दहा सेकंद, आणि ठरावीक वेळाने डोळ्यांना सक्तीची विश्रांती. शेजारच्या खोलीतील यंत्र हेच काम अन्य रीतीने करते. ते कुपीला गरकन फिरवून एकदम थांबविते. काच थांबते पण आतला द्रव फिरत राहतो, आणि लागोपाठच्या छायाचित्रांत जे हलताना दिसते तो कण, जे स्थिर राहते तो काचेवरचा डाग. यंत्राला थकवा नाही, हे खरे; पण ते दोषी कुपी टाकून देते तेव्हा त्या टाकण्याची नोंदही करते, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

ती का, हे याच वाळूजने शिकविले आहे. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वोक्हार्टच्या वाळूज येथील कारखान्यातून होणाऱ्या आयातीवर निर्बंध घातले, आणि जुलैमधील ताकीदपत्रात असे नमूद केले, की टाकाऊ कागदांत इंजेक्शनांच्या सुमारे ७५ बॅचच्या अनधिकृत नोंदी फाडलेल्या स्थितीत मिळाल्या. त्यांतील काही बॅच नजरतपासणीत अपात्र ठरल्या होत्या, तर दप्तरातील अधिकृत नोंदींत त्या पात्र दाखविल्या होत्या. डोळ्याने दोष पाहिला होता. दप्तराने तो लपविला. पुढे २०२२ च्या अखेरीस अहमदाबादजवळील इंटासच्या कारखान्यात त्याच प्रशासनाच्या तपासनिसांना फाडलेल्या कागदपत्रांच्या पिशव्या आढळल्या, तेथील उत्पादन थांबले, आणि अमेरिकेचे निम्म्याच्या जवळपास सिस्प्लॅटिन त्या एका कंपनीकडून जात असल्यामुळे २०२३ साली तेथील रुग्णालयांत या जुन्या, स्वस्त, अपरिहार्य औषधाचे दुर्भिक्ष पडले.

आज कुपीची प्रत्येक हालचाल संगणकावर, वेळेसह आणि कर्त्याच्या नावासह उमटते, आणि ती खोडली तर खोडल्याचीही नोंद राहते. ही प्रगती मोठी आहे यात शंका नाही. तरीही कोट्यवधींचा माल टाकून देण्याच्या कागदावर पाळीप्रमुखाने सही करावी, आणि ती केल्याबद्दल वरिष्ठांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढे धैर्य कोणतेही यंत्र पुरवीत नाही.

शेवटचे खोके

वेष्टनाच्या विभागात मात्र माणसे मोकळेपणाने बोलत होती. कुपीला चिठ्ठी, चिठ्ठीवर बॅच आणि मुदत, कॅमेऱ्याने त्याची वाचणी, माहितीपत्रकासह खोके, खोक्यावर स्वतंत्र क्रमांक, वजनाने पत्रक आत असल्याची खात्री, आणि मग मोठ्या पेटीत कोणते क्रमांक गेले याची वंशावळ. हे सारे पाहताना वाटते त्याहून वेगाने घडते. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० नामांकित छापांवर क्यूआर संकेत सक्तीचा आहे. हा खटाटोप अनाठायी नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी जी टोळी पकडली, ती कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या रुग्णालयांतील माणसांकडून विकत घेऊन त्यांत भलतेच औषध भरून विकत होती. कुपी खरी, चिठ्ठी खरी, आतले औषध खोटे. म्हणून वापरलेली कुपी फोडून नष्ट करणे हे रुग्णालयाचे काम मला कारखान्यातील भरणीइतकेच पवित्र वाटते.

जिथे यंत्र संपते

शहरातील आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, जे घाटीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग म्हणून २०१२ साली सुरू झाले आणि ज्याला टाटा स्मारक केंद्राचे साहाय्य लाभले, जालना, बीड, परभणी, बुलढाणा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. दर तीन आठवड्यांनी एसटीचा प्रवास, एका दिवसाचे औषध, आणि परत. हा प्रवास वाचावा म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणीच औषध देण्याचे धोरण आले, आणि केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे, पैकी २०० त्याच वर्षात, उभारण्याची घोषणा झाली. हे धोरण निःसंशय लोकहिताचे आहे.

परंतु कुपी अखेर कोणी तरी उघडतेच. मराठवाड्यातीलच दुसऱ्या एका गावी औषध मिसळणाऱ्या सिस्टरना मी भेटलो. पोलादी कक्ष, दाबांची उतरंड, बाहेरून धुतलेली काच, या साऱ्यांतून आलेली कुपी त्या साध्या टेबलावर ठेवतात, सुईने तीत पाणी सोडतात आणि औषध ओढून सलाइनच्या पिशवीत घालतात. “पंखा बंद करते, खिडकी लावून घेते, दोन-दोन ग्लोव्हज घालते. दादा, आणखी काय करणार?” असे त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या. सुई ओढताना उडणारा जो सूक्ष्म तुषार कारखान्यात गुन्हा ठरतो, तो येथे रोजचा आहे. १९७९ सालीच फिनलंडमधील संशोधकांनी ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकांवर आघात करणाऱ्या द्रव्यांच्या खुणा आढळल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि त्यानंतर प्रगत देशांत हे काम उघड्या टेबलावरून उठून जैवसुरक्षा कपाटात गेले, काही ठिकाणी तर यंत्रमानवाकडे गेले.

आपल्याला यंत्रमानव नको. प्रत्येक केंद्राला बाहेर हवा सोडणारे एक जैवसुरक्षा कपाट, थेंब बाहेर न सोडणाऱ्या बंद जोडण्या, सांडलेले औषध आवरण्याची पेटी, आणि गरोदर परिचारिकेला या कामातून वगळण्याचा लेखी हुकूम, एवढी तजवीज जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा ज्या वसाहतींत ही औषधे बनतात तेथील कारखान्यांच्या सामाजिक निधीतून होऊ शकते. या अंकाच्या वाचकांत रुग्णकल्याण समित्यांचे सदस्य आहेत, जिल्हा परिषदांचे अधिकारी आहेत, वाळूज आणि शेंद्र्याचे उद्योजकही आहेत. आपल्या जिल्ह्यातील केंद्रात औषध कोठे आणि कसे मिसळले जाते, हे त्यांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे, आणि तेथे कपाट नसेल तर पुढच्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते घालावे, अशी माझी विनंती आहे.